‘दहा दिवसांची वाट’ ते ‘पिकअप’ची सेकंदे : तेरच्या संदर्भात वाहनगती-मापनाचा इतिहास आणि मोबाईल ॲपच्या नोंदींची साधनचिकित्सा

प्रस्तावना :

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीच्या काठी वसलेले गाव महाराष्ट्राला दोन कारणांनी परिचित आहे. एक म्हणजे संत गोरा कुंभार यांचे गाव आणि दुसरे म्हणजे सातवाहनकालीन व्यापारी नगर ‘तगर’. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या पुरावस्तूंच्या संग्रहातून येथे उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय अभ्यासकांना सुपरिचित आहे. परंतु तेरच्या इतिहासाचा आणखी एक पैलू फारसा चर्चिला जात नाही. तगर म्हणजेच तेर हे निश्चित होण्यामागे शिलालेख, परंपरा व अवशेष यांच्याबरोबरच वाहनाच्या प्रवासाचे एक मापही साक्षीला उभे होते. ते माप होते ‘दहा दिवसांची वाट’.

आज याच परिसरातील तरुण मोटारसायकलवरून महाविद्यालयात येतात. गाडी किती वेळात साठच्या वेगाला पोहोचते, म्हणजे बोलीत ज्याला ‘पिकअप’ म्हणतात तो किती, हे त्यांच्या खिशातील मोबाईल सांगतो. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात दोन विद्यार्थ्यांमध्ये यावरून वाद झाला. गाडी एकाच कंपनीची व एकाच मॉडेलची, ॲप मात्र दोन वेगळी आणि आकडेही दोन वेगळे. ‘सर, खरा कोणता?’ हा त्यांचा प्रश्न वरवर भौतिकशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. दोन साधने परस्परविरोधी साक्ष देत असतील तर कोणती, किती आणि का स्वीकारायची, हे ठरविण्याचे शास्त्र म्हणजेच साधनचिकित्सा होय.

उद्दिष्टे, गृहीतक व पद्धती :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) तेरच्या संदर्भात वाहनगती मोजण्याच्या पद्धतींच्या इतिहासाचा आढावा घेणे. (२) मोटारसायकलचे त्वरण व कार्यक्षमता मोजणाऱ्या मोबाईल ॲपच्या नोंदींना इतिहाससंशोधनातील बाह्य व अंतर्गत चिकित्सेचे निकष लावून पाहणे. (३) अशा नोंदींचा महाविद्यालयीन अध्यापनात कोणत्या मर्यादेत उपयोग करता येईल ते सुचविणे.

‘मापाची विश्वसनीयता त्यातील दशांश स्थळांवर अवलंबून नसून, ते कोठून कोठपर्यंत, कशाने व कोणत्या अटींवर घेतले हे सांगितले आहे की नाही यावर अवलंबून असते’ हे या लेखाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लेखातील गणिती उदाहरणे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतलेली असून ती कोणत्याही विशिष्ट गाडीच्या चाचणीची नाहीत.

१. तगर आणि दहा दिवसांची वाट :

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात बॅरिगाझा म्हणजे भरुच येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर असल्याची नोंद आहे. तगरहून जाडेभरडे कापड, तलम वस्त्रे आणि पूर्वेकडील किनारी प्रदेशातून तेथे आलेला माल गाड्यांमधून भरुचकडे जात असे. हा मार्ग मोठ्या दुर्गम प्रदेशातून जातो, असेही लेखक सांगतो. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलग्रंथातही पैठण व तगर ही दोन्ही नावे येतात.

हे तगर कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. विल्फर्ड यांनी देवगिरी, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर, तर डॉ. रा. गो. भांडारकर यांनी धारूर हे स्थान सुचविले. शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत असत. परंतु त्या बिरुदावरून नगराचा ठावठिकाणा लागत नव्हता. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले. हेन्री कझिन्स यांनी तेरच्या अवशेषांचे केलेले वर्णन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध झाले. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी केलेल्या उत्खननाने येथील सातवाहनकालीन वसाहतीचे चित्र अधिक स्पष्ट झाले.

येथे अंतराचा पुरावा कसा काम करतो ते पाहण्यासारखे आहे. आजच्या नकाशावर सरळ रेषेत मोजल्यास भरुच ते पैठण हे अंतर सुमारे ३५० किलोमीटर आणि पैठण ते तेर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर भरते. पहिल्या टप्प्यात वीस दिवस, म्हणजे दिवसाला १७.५ किलोमीटर. दुसऱ्या टप्प्यात दहा दिवस, म्हणजे दिवसाला १५ किलोमीटर. प्रत्यक्ष वाट वळणाची असल्याने चाल याहून थोडी अधिक धरावी लागेल. तरीही भरल्या बैलगाडीच्या चालीशी दोन्ही आकडे जुळतात आणि परस्परांशीही बऱ्याच अंशी जुळतात. पैठणहून अवघ्या पन्नास-साठ किलोमीटरवर असलेल्या देवगिरीला ही वाट लागू पडत नाही. जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेस आहे.

या मापात दोषही आहेत. तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. ‘दिवस’ हे एकक बैल, ऋतू व रस्ता यांनुसार बदलणारे आहे. असे असूनही ते माप अठराशे वर्षांनंतर उपयोगी पडले, याचे कारण ग्रंथकाराने आरंभबिंदू, दिशा, वाहनाचा प्रकार व मार्गाचे स्वरूप यांची नोंद केली आणि त्याच एककात दुसरे एक माप तुलनेसाठी दिले. दोन्ही टोके माहीत असलेली ‘वीस दिवसांची वाट’ हा आपल्या हाती असलेला मापदंड ठरला. त्रैराशिकाने त्यावरून दुसऱ्या वाटेची परीक्षा करता आली. माप ढोबळ होते, पण त्याच्या अटी उघड होत्या.

२. पळ, विपळ आणि तात्कालिक गती :

दिवसांच्या हिशोबातून मिळते ती सरासरी चाल. गाडी चढावर किती मंदावली किंवा उतारावर किती धावली हे त्यातून कळत नाही. त्यासाठी काळाचे लहान भाग मोजावे लागतात. भारतीय परंपरेत अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेचे साठ पळ व पळाचे साठ विपळ मानले जातात. घटिका म्हणजे २४ मिनिटे, पळ म्हणजे २४ सेकंद आणि विपळ म्हणजे ०.४ सेकंद. व्यवहारात मात्र घटिकापात्राने घटिकाच मोजली जाई. विपळ हे प्रामुख्याने गणिताचे एकक राहिले. एकक असणे आणि ते मोजण्याचे साधन असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे येथे लक्षात ठेवावे लागेल.

क्षणाच्या गतीचा विचारही याच परंपरेत झाला. भास्कराचार्यांनी शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथात ग्रहांची ‘तात्कालिक गती’ ही संकल्पना येते. दोन दिवसांतील स्थानांच्या फरकावरून काढलेली गती स्थूल असते, विशिष्ट क्षणीची गती वेगळी काढावी लागते, असा त्यामागील विचार आहे. चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेख भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देतो आणि त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे सांगतो. पेरिप्लसची सरासरी चाल आणि भास्कराचार्यांची तात्कालिक गती यांतील हा भेद मोबाईल ॲपच्या चर्चेत पुन्हा भेटतो.

३. चाकाचे फेरे आणि स्पीडोमीटर :

अंतर मोजण्याची दुसरी रीत चाकाच्या फेऱ्यांची. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने गाडीच्या चाकाला दंतचक्रे जोडून दर मैलाला एक खडा भांड्यात पडेल अशा यंत्राचे वर्णन केले आहे. ब्रिटिश काळातील सर्वेक्षकही मार्गांची लांबी मोजण्यासाठी हाताने ढकलायचे मापनचक्र वापरीत. ते चाक वळणे, खड्डे व चढउतार यांसह अंतर मोजी. म्हणूनच १८०२ पासून विल्यम लॅम्टन यांनी चालविलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मोजकी आधाररेषा साखळीने काटेकोर मोजून उर्वरित अंतरे कोनांवरून काढण्याची पद्धत अवलंबिली गेली. त्याच कामावर असताना १८२३ मध्ये लॅम्टन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले.

मोटारसायकलचा काटा याच चाकाच्या घराण्यातील आहे. १९०२ मध्ये जर्मनीतील ओटो शुल्झे यांनी चुंबकीय स्पीडोमीटरचे पेटंट घेतले. केबलने फिरणारे चुंबक धातूच्या पात्याला ओढते आणि काटा हलतो, हे त्याचे तत्त्व. आता अनेक गाड्यांत केबलऐवजी संवेदक आला असला तरी मोजले जातात ते चाकाचे फेरेच. चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि टायरची झीज ३ मिलिमीटर धरली तर काटा खऱ्या वेगापेक्षा एक टक्का अधिक दाखवील. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ ने स्पीडोमीटरसाठी अधिकउणे दहा टक्क्यांची मर्यादा घातली. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा नियम ३९ काट्याला खऱ्या वेगापेक्षा कमी दाखविण्याची परवानगीच देत नाही. थोडक्यात, काटा हा चालकाला सावध करण्यासाठी बसविलेला आहे; चाचणीचे साधन म्हणून नव्हे.

महाराष्ट्रात दुचाकीच्या शास्त्रीय चाचणीची परंपराही आहे. पुणे येथे १९६६ मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था स्थापन झाली. याच परिसरातून १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आणि २००१ मध्ये बजाजची पल्सर बाजारात आली. पूर्वी गाडी घेताना विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ हा असे. पल्सरच्या पिढीने त्याच्या शेजारी ‘पिकअप किती?’ हा दुसरा प्रश्न आणून बसविला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पेट्रोलच्या पावतीवरून काढता येत होते. दुसऱ्याचे उत्तर सामान्य चालकाच्या हाती आले ते मोबाईलमुळे.

४. मोबाईलमधील दोन साक्षीदार :

अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात हेतुतः ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकली. २००७ च्या आयफोनमध्ये पडदा आडवा-उभा करण्यासाठी त्वरणमापक आला. २००८ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये उपग्रह-ग्राहक व त्वरणमापक ही दोन्ही साधने होती. भारताने २०१३ पासून आपले उपग्रह सोडण्यास प्रारंभ केला आणि २०१६ मध्ये त्या प्रणालीस ‘नाविक’ हे नाव मिळाले. खिशातील एकाच वस्तूत अशा रीतीने गतीचे दोन साक्षीदार एकत्र आले.

पहिला साक्षीदार उपग्रह-ग्राहक. तो उपग्रहाच्या संकेतातील डॉप्लर बदलावरून वेग काढतो. मोकळ्या आकाशाखाली स्थिर वेगाच्या बाबतीत त्याची साक्ष काट्यापेक्षा चांगली असते. परंतु बहुतेक फोनमध्ये त्याची नोंद साधारणतः सेकंदाला एकदाच होते. एखादी गाडी शून्यापासून ताशी ६० किलोमीटर वेगाला ५ सेकंदांत पोहोचते असे समजू. तिचे सरासरी त्वरण ३.३३ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सुमारे एक तृतीयांश. या पाच सेकंदांत हाती येणाऱ्या नोंदी अवघ्या पाच-सहा. मधल्या काळाचा अंदाज ॲप आपल्या गणिताने भरून काढते. एक सेकंद इकडेतिकडे झाला तर पाच सेकंदांत ती वीस टक्क्यांची चूक ठरते. तरीही पडद्यावर ‘५.०३’ असा आकडा उमटू शकतो. त्यातील शेवटचे दोन अंक बहुतांशी गणिताने निर्माण केलेले असतात, मोजलेले नसतात. विपळ हे एकक होते पण ते मोजणारे पात्र नव्हते, तशातलाच हा प्रकार आहे.

दुसरा साक्षीदार त्वरणमापक. तो सेकंदाला शंभर किंवा अधिक नोंदी देऊ शकतो. पण तो वेग मोजत नाही. त्वरणाची बेरीज करून वेग काढावा लागतो. शिवाय गाडीचे त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांत त्याला स्वतःहून फरक करता येत नाही. मोटारसायकल जोरात निघाली की पुढचे शॉकअप वर उठते, मागचे बसते आणि फोन तिरपा होतो. केवळ एका अंशाच्या तिरपेपणाने ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके खोटे त्वरण नोंदले जाते. पाच सेकंदांत त्याची बेरीज ताशी सुमारे ३ किलोमीटर होते. इंजिनाची थरथर वेगळीच. ती फोनलाही सोसत नाही. मोठ्या मोटारसायकलींच्या इंजिनांच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्याची गुणवत्ता बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता.

सारांश, पहिला साक्षीदार खरे बोलतो पण क्वचित बोलतो. दुसरा सतत बोलतो पण हळूहळू वाहवत जातो. चांगली ॲप दोघांची साक्ष जुळवून घेतात. ती कशी जुळवली, हे मात्र बहुधा वापरणाऱ्याला सांगितले जात नाही.

५. नोंदींची बाह्य व अंतर्गत चिकित्सा :

पेरिप्लसचा अभ्यासक प्रथम हस्तलिखित पाहतो. या ग्रंथाची मुख्य प्रत दहाव्या शतकातील असून ती हायडेलबर्ग येथे आहे आणि तिच्यातील काही पाठ भ्रष्ट आहेत. म्हणून तो पाठशुद्धी करतो. ॲपच्या नोंदीचीही अशीच बाह्य चिकित्सा व्हावयास हवी. फोन कोणता, ॲपची आवृत्ती कोणती, फोन हँडलला घट्ट बसविला होता की खिशात होता, मूळ नोंदींचा तक्ता उपलब्ध आहे की केवळ पडद्याचे छायाचित्र, हे प्रश्न विचारले पाहिजेत. छायाचित्र ही नक्कल होय. मूळ दस्तऐवज म्हणजे नोंदींचा तक्ता.

अंतर्गत चिकित्सेतील पहिला प्रश्न आरंभबिंदूचा आहे. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींच्या प्रथेनुसार गाडी सुमारे एक फूट पुढे सरकल्यावर वेळ मोजण्यास प्रारंभ होतो आणि काही चाचण्यांत हीच रीत पाळली जाते. वरील उदाहरणातील गाडीला पहिला फूट ओलांडण्यास सुमारे ०.४३ सेकंद, म्हणजे एका विपळाहून किंचित अधिक काळ लागेल. एक ॲप स्थिर अवस्थेपासून मोजते आणि दुसरे एक फुटानंतर, तर एकाच धावेला एक ५.०० आणि दुसरे ४.५७ सेकंद दाखवील. दोघेही आपापल्या व्याख्येनुसार खरे. माझ्या विद्यार्थ्यांच्या वादाचे एक संभाव्य उत्तर येथे आहे. ‘पैठणपासून’ हे शब्द गाळले तर दहा दिवसांच्या वाटेला अर्थ उरत नाही. ‘शून्य कोठून’ हे सांगितले नाही तर सेकंदांनाही उरत नाही.

दुसरा प्रश्न परिस्थितीचा. रस्त्याला एक टक्का उतार असला तरी त्वरणात सुमारे ०.१ मीटर प्रति सेकंद वर्गाची भर पडते, म्हणजे वरील उदाहरणात तीन टक्के. म्हणून एकाच रस्त्यावर दोन्ही दिशांनी धाव घेऊन सरासरी काढणे ही चाचणीची जुनी व योग्य रीत आहे. वारा, चालकाचे वजन, टायरमधील हवा, क्लच सोडण्याची पद्धत यांचीही नोंद हवी. तिसरा प्रश्न गृहीतांचा. काही ॲप इंजिनाची शक्तीही सांगतात. ती मोजलेली नसते. वापरणाऱ्याने भरलेल्या वजनावरून काढलेली असते. गाडी व चालक मिळून २२० किलो धरल्यास वरील धावेत गाडीला गती देण्यास सरासरी ६.१ किलोवॅट शक्ती लागली असे येते. २०० किलो भरल्यास तोच आकडा ५.६ होतो. गाडी तीच, धावही तीच. बदलला तो माहिती देणारा.

चिकित्सेनंतर जे उरते ते टाकाऊ नसते. एकाच फोनने, एकाच ठिकाणी बसवून, एकाच रस्त्यावर, अनेकदा घेतलेल्या नोंदींची आपापसात तुलना निश्चितपणे करता येते. क्लच घसरतो आहे काय, चेन बदलल्यावर फरक पडला काय, अशा प्रश्नांना ही साधने उपयुक्त आहेत. भरुच-पैठण वाटेने पैठण-तगर वाट तपासली, तसाच हा प्रकार आहे. निरपेक्ष आकडा दुबळा असला तरी तुलना सबळ असू शकते.

६. मापनाची जागा आणि कायदा :

या विषयात केवळ आकडेच पणाला लागत नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे अथवा वेगाची कोणतीही चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. मोकळ्या रस्त्यावर मोबाईलने ‘पिकअप’ मोजणारा तरुण आपण शर्यत लावत नसल्याचे सांगतो, परंतु कायद्यातील ‘चाचणी’ या शब्दाचा त्याने विचार केलेला नसतो. त्याहून गंभीर बाब ही की, एका डळमळीत आकड्याला मागे टाकण्यासाठी तो पुन्हा पुन्हा जीव धोक्यात घालतो. ज्या दशांशासाठी हे धाडस चालते तो दशांश साधनाच्या चुकीच्या मर्यादेत बुडालेला असतो, हे त्याला सांगणे शिक्षकाचे काम आहे.

शास्त्रीय चाचणीसाठी बंदिस्त मार्ग लागतो. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणीमार्ग हे त्याचे उदाहरण होय. महाविद्यालयाला तशा मार्गाची गरज नाही. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठाने २०१६ मध्ये उपलब्ध करून दिलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधील संवेदकांच्या मूळ नोंदी तक्त्याच्या रूपात देते. टेबलावर स्थिर ठेवलेला फोन, उतरत्या फळीवर सोडलेली ढकलगाडी किंवा आवारात चालविलेली सायकल यांवरून सरासरी व तात्कालिक गतीतील भेद, चुकीची मर्यादा आणि नोंदीची चिकित्सा हे सर्व शिकविता येते. इतिहास व भौतिकशास्त्र या विभागांनी असा प्रात्यक्षिक तास एकत्र घेतल्यास आंतरविद्याशाखीय अध्यापनाला प्रत्यक्ष आशय मिळेल.

निष्कर्ष :

(१) पेरिप्लसमधील ‘दहा दिवसांची वाट’ हे माप ढोबळ असूनही आरंभबिंदू, वाहन, मार्ग व तुलनेचे दुसरे माप दिलेले असल्याने तगर-तेर निश्चितीस पूरक ठरते.

(२) एककाची सूक्ष्मता व साधनाची सूक्ष्मता या भिन्न बाबी आहेत. विपळाच्या बाबतीत हे जसे खरे होते तसेच ॲपमधील दशांश स्थळांच्या बाबतीतही खरे आहे.

(३) उपग्रह-ग्राहक व त्वरणमापक यांच्या त्रुटी भिन्न स्वरूपाच्या आहेत. त्यांवर आधारित आकडे निरपेक्ष सत्य म्हणून नव्हे, तर समान अटींवरील तुलनेसाठी स्वीकारावेत.

(४) फोन, ॲपची आवृत्ती, आरंभबिंदूची व्याख्या, वजन व रस्ता यांच्या तपशिलाविना जतन केलेली नोंद भावी इतिहासकारास साधन म्हणून उपयोगी पडणार नाही.

(५) सार्वजनिक रस्त्यावरील वेगचाचणी बेकायदेशीर व धोकादायक आहे. महाविद्यालयीन प्रयोग आवारात व अल्प गतीवरच व्हावेत.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी थोपटून कोणते मडके कच्चे ते ओळखल्याची कथा तेरच्या परंपरेत सांगितली जाते. कुंभाराचा हात त्या थापटण्याला सरावलेला होता, म्हणून आवाजातला फरक त्याला कळला. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती नवे थापटणे आले आहे. आवाज ऐकण्याचा सराव त्याला आपण द्यावयाचा आहे.